कार्यमुक्त न करणेबाबत

नाशिकहून एसटीने तासाभरावर एक नगरपरिषद आहे. तिचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांना ते सांगावं लागणार नाही आणि इतरांचं त्यावाचून काही अडत नाही. कोंडाजी पुंजा बोरस्ते तिथे कार्यालय अधीक्षक. नोकरीला चौतीस वर्षं झालेली, त्यातली अठ्ठावीस म्हसरूळच्या घरातून रोज अपडाऊन करण्यात गेलेली. मुख्याधिकारी येत आणि दोन-तीन वर्षांत बदलून जात, कोंडाजी मात्र आपल्या खुर्चीत. नव्या साहेबाच्या कानात पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगायचं, बोरस्त्यांनी शेरा मारला असेल तर डोळे मिटून सही करा. साहेब लोक करायचेही. याची कोंडाजींना मोठी धन्यता वाटे. एवढ्या वर्षांत माणसाने कोणाचा फुकटचा चहा घेतला नाही, कोणाची फाइल दडवली नाही, पाच वाजताची गाडी सोडून साडेपाचच्या गाडीनेच गेला. अशा माणसाला आपण कोणाचं तरी वाटोळं केलं असं वाटत राहावं, हे ऐकायला विचित्र आहे. पण त्यांना तसं वाटत होतं, आणि ते काही उगीच नव्हतं.

हे वाटणं जुनंच होतं. अंगवळणी पडलं होतं. ते वर आलं एका फोनमुळे.

पालिका-पंचायतींमधल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचं एक वार्तापत्र नाशकातून दर महिन्याला निघतं. नवे शासन निर्णय, प्रशिक्षणांच्या तारखा, कुठल्या पालिकेने ओल्या कचऱ्याचं काय केलं, असला मजकूर त्यात असतो. सगळेजण ते मागून वाचायला घेतात, कारण शेवटच्या पानावर ‘बढत्या आणि नियुक्त्या’ असतात. त्या पानावर आपल्या बॅचच्या माणसाचा फोटो दिसला की ऑफिसातला चहा जरा कडू लागतो. या वार्तापत्राची संपादिका मनाली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिने कोंडाजींना फोन केला.

“बोरस्ते सर, तुम्ही नोव्हेंबरअखेर निवृत्त होताय ना? तुमचा लेख हवाय. विषय तुम्हालाच शोभेल असा काढलाय. ‘हाताखालची माणसं घडवताना’. सहाशे शब्द फक्त.”

“अहो, मी कसला लेखक?”

“सर, तुमच्या हाताखालून रविराज थेटे साहेबांसारखा माणूस गेलाय. तुम्ही नाही लिहायचं तर कोणी लिहायचं?”

माणसाला स्तुती गोड लागते. कोंडाजी हो म्हणाले, फोन ठेवला, आणि समोर पाहिलं तर काचेपलीकडे सुवर्णा भोये सेवापुस्तकांचा गठ्ठा सोडत बसली होती.

सुवर्णा सुरगाण्याच्या डोंगरातली. आई भागीबाई उतारावरच्या तुकड्यात नागली-वरई करायची आणि पिकं निघाली की निफाडकडे द्राक्षाच्या कामाला उतरायची. मुलगी आश्रमशाळेत शिकली, नाशकात बी.कॉम. झाली आणि दोन हजार आठ साली लिपिक म्हणून या पालिकेत लागली. पहिलं टेबल मिळालं आवक-जावक. येणारं प्रत्येक पत्र आणि जाणारं प्रत्येक पत्र रजिस्टरात चढवायचं, क्रमांक टाकायचा, विषय लिहायचा. कंटाळवाणं काम. आधीचे लोक विषयाच्या रकान्यात ‘पत्र’ एवढंच लिहून मोकळे व्हायचे. सुवर्णा पत्र पूर्ण वाचायची आणि मग विषय लिहायची. वर्षभरात पालिकेत काय चाललंय हे तिला जितकं ठाऊक होतं तितकं खुद्द मुख्याधिकाऱ्यांना नव्हतं. मग आस्थापना विभागाचंही निम्मं काम तिच्याकडे आलं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, रजा, बढत्या. नवा शासन निर्णय आला की ती त्यातलं महत्त्वाचं वाक्य पेन्सिलीने खुणावून, वर चिठ्ठी लावून तो कोंडाजींच्या टेबलावर ठेवायची. कोंडाजी फक्त चिठ्ठी वाचायचे आणि बैठकीत असं बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाने रात्रभर पाठांतर केलंय. जिल्ह्याच्या बैठकीत बोरस्त्यांचं नाव निघायचं ते असं.

दोन हजार चौदाच्या जूनमध्ये वरच्या कार्यालयातून पत्र आलं. तीन महिन्यांचं निवासी प्रशिक्षण होतं. ते पुरं केलेल्यालाच पुढे खात्यांतर्गत परीक्षेला बसता येणार होतं, आणि ती परीक्षा म्हणजे पालिकेच्या लिपिकाला अधिकारी होण्याची एकुलती एक शिडी. पत्रात दोन नावं होती, श्रीमती सुवर्णा भोये आणि श्री. रविराज थेटे. दोघांना कार्यमुक्त करता येईल किंवा कसे, याबाबत अधीक्षकांचा अभिप्राय मागवला होता.

रविराजचं काय सांगावं? पोरगा वाईट नव्हता. दिसायला नीटनेटका, बोलायला गोड, कामाला मात्र हात लावायचा नाही. हजेरीवर सही करून तो जो निघायचा तो कुठे असायचा हे विचारायची सोय नव्हती, कारण चुलते नगरसेवक. तो तीन महिने गेला तर कोणाला कळलंही नसतं. कोंडाजींनी त्याच्या नावापुढे लिहिलं, ‘कार्यमुक्त करण्यास हरकत नाही.’

सुवर्णाच्या नावापाशी पेन थांबला. घरपट्टीची फेरआकारणी तोंडावर होती. सेवापुस्तकांची पडताळणी लागायची होती. संगणकावर आस्थापनेची सगळी माहिती तिच्या हातची. कोंडाजींना तर त्या संगणकाचं बटण कुठलं हेही धड माहीत नव्हतं. ही तीन महिने गेली तर आपण उघडे पडू, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि हा विचार इतका खरा होता की त्यांनी लगेच त्याला कार्यालयाच्या हिताचं पांघरूण घातलं. त्यांनी लिहिलं: ‘श्रीमती भोये या अत्यंत कार्यक्षम, अभ्यासू व विश्वासू कर्मचारी असून त्यांच्यावाचून आस्थापना विभागाचे कामकाज ठप्प होईल. सबब त्यांना प्रशिक्षणासाठी कार्यमुक्त करणे शक्य होणार नाही.’

साहेबांनी डोळे मिटून सही केली.

आठवड्याने सुवर्णा विचारायला आली होती. “साहेब, प्रशिक्षणाची यादी आली म्हणतात. रविराजचं नाव आहे.”

“हो, आली,” कोंडाजी कागद चाळत म्हणाले. “तुमचं नाव नाही आलं या खेपेला, सुवर्णाताई. वरूनच नाही आलं. पुढच्या वेळी बघू.”

“बरं,” ती म्हणाली आणि टेबलावर जाऊन बसली.

बस्स, एवढंच. कोणी रडलं नाही, कोणी भांडलं नाही. रविराज तीन महिने जेवून-खाऊन गुटगुटीत होऊन आला, परीक्षा दुसऱ्या खेपेला का होईना पास झाला, आणि चार-पाच वर्षांत त्याचा फोटो त्या वार्तापत्राच्या शेवटच्या पानावर झळकला. आज तो दुसऱ्या एका पालिकेचा मुख्याधिकारी आहे. भेटला की कोंडाजींच्या पाया पडतो आणि लोकांना सांगतो, “मला यांनी घडवलं.” कोंडाजींना त्या वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं होतं. जो काम करत नव्हता तो त्याच पुण्याईवर अधिकारी झाला आणि जी करत होती ती त्याच पापावर लिपिकच राहिली. आपल्याकडच्या कचेऱ्यांत हे चालतंच, असं कोणी म्हणेल. चालतं खरं, पण ते कोणीतरी आपल्या हाताने चालवत असतं.

दोन हजार एकोणीसमध्ये पुन्हा तसंच पत्र आलं. कोंडाजींनी पुन्हा तसाच शेरा मारला. एकदा लिहून झालेलं वाक्य दुसऱ्यांदा लिहिताना हात अडत नाही. या खेपेला सुवर्णा विचारायलासुद्धा आली नाही, आणि ती आली नाही याचं कोंडाजींना बरंच वाटलं होतं.

मग त्यांनी परतफेड सुरू केली. तिच्या गोपनीय अहवालात दर वर्षी ‘अत्युत्कृष्ट’ लिहिलं. महिला दिनाला तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार घडवून आणला. भावाच्या मळ्यातली द्राक्षं निघाली की पहिली पेटी तिला. ती सगळं शांतपणे घ्यायची आणि डोंगराकडून आली की त्यांच्यासाठी नागलीचं पीठ आणायची. ते पीठ पाहिलं की कोंडाजींची भूक मरायची. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

तर आता त्यांना लेख लिहायचा होता, हाताखालची माणसं घडवताना. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ते म्हसरूळच्या घरी पुठ्ठ्यावर कागद लावून बसले. पत्नी कलाबाई शेजारी मेथी निवडत होत्या. अर्ध्या तासात कागदावर चार ओळी झाल्या आणि चारही रविराजवर.

“कोणाचं लिहिताय?” कलाबाईंनी विचारलं.

“रविराजचं.”

“त्यो घडवला तुम्ही?” कलाबाई हसल्या. “तुम्हीच सांगायचे ना, त्यो ऑफिसात सापडत नाय म्हणून? त्यापरीस त्या डोंगराकडच्या पोरीचं लिहा की. नागली आणती ती. लय गुणाची हाय. ती कुठं साहेब झाली आता?”

“झाली नाही.”

“आँ? का बरं?”

कोंडाजींनी चष्मा काढून पुसला. अकरा वर्षांत ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. “वरून नाव नाही आलं,” ते म्हणाले. आणि आपलीच ती जुनी थाप आपल्याच घरात, आपल्याच बायकोसमोर इतक्या सहज तोंडातून निघालेली ऐकून त्यांना स्वतःची शिसारी आली. त्यांनी कागद चुरगळला. कलाबाईंनी मान वर करून पाहिलं आणि मेथीच्या काड्या गोळा करून उठून गेल्या.

त्याच दुपारी त्यांना आठवलं की तिसरं पत्र येऊन पडलंय.

ते ऑगस्टमध्येच आलं होतं. तेच प्रशिक्षण, पुन्हा सुवर्णा भोये यांचं नाव, आणि वयाची पंचेचाळीसची अट. कोंडाजींनी ते वाचलं होतं आणि या वेळी हिला नक्की सोडायचं असं ठरवलंही होतं. पण पालिकेच्या निवडणुका लागायच्या बेतात होत्या, प्रभागांच्या मतदार याद्या फोडायच्या होत्या. एवढं याद्यांचं उरकू दे, मग पाठवू, म्हणून पत्र खणात गेलं. त्यानंतर हरकती आल्या, दुबार नावं आली, रोज दहा माणसं भांडायला आली. भिजत घोंगडं तसंच राहिलं. आता शिफारस पोचायला पाच दिवस उरले होते.

सोमवारी ते अर्धा तास आधीच ऑफिसात पोचले. मुख्याधिकाऱ्यांकडे दोन पालिकांचा पदभार, ते आठवड्यातून दोनदा यायचे, तेव्हा आस्थापनेच्या कागदांवर ‘मुख्याधिकारी करिता’ म्हणून सही कोंडाजींचीच चालत होती. त्यांनी खणातून पत्र काढलं आणि स्वतःच्या अक्षरात शिफारस लिहायला घेतली. नुसती शिफारस करून त्यांचं समाधान होईना. जुना शेरा रद्द झाला पाहिजे, कागदावरून पुसला गेला पाहिजे. त्यांनी लिहिलं: ‘यापूर्वी या कार्यालयाने दिलेला अभिप्राय मागे घेण्यात येत आहे.’ मग सवयीने वर ‘संदर्भ’ लिहिलं. संदर्भ म्हटला की जुन्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख हवी.

“केरू,” त्यांनी शिपायाला हाक मारली, “चौदा सालचं जावक रजिस्टर काढ.”

“साहेब, ते तर लय वर हाय, मेलेल्या पाली निघत्यात तिथून.”

“काढ म्हणतो ना.”

केरूने शिडी लावली, शिंका दिल्या, आणि रजिस्टर आणून झटकलं. कोंडाजी जूनची पानं उलटू लागले. दहा, अकरा, बारा. आणि त्यांचं बोट थांबलं. विषयाच्या रकान्यात निळ्या शाईने, गोल, सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘श्रीमती सुवर्णा भोये यांना प्रशिक्षणासाठी कार्यमुक्त न करणेबाबत.’

हे अक्षर सुवर्णाचं होतं.

त्या दिवशी त्यांनी किती काळजी घेतली होती! पत्र टंकायला दिलं नव्हतं, हाताने लिहिलं होतं. लिफाफा स्वतः डिंकाने चिकटवला होता. आणि मग वर्षानुवर्षांच्या सवयीने, अगदी नकळत, लिफाफ्याला स्थळप्रत जोडली होती. प्रत्येक जाणाऱ्या पत्राची एक प्रत फाइलसाठी जोडायची, ती नसेल तर पत्र जावक करायचं नाही, हा दंडक त्यांनीच घालून दिला होता. लिफाफा बंद, वर टाचणीने उघडी प्रत, आणि केरूने ते नेहमीप्रमाणे नेऊन ठेवलं जावक टेबलावर. ते टेबल सुवर्णाचं, आणि सुवर्णा तर पत्र पूर्ण वाचल्याशिवाय विषय लिहायची नाही.

म्हणजे आठवड्याने ती ‘यादी आली का’ म्हणून विचारायला आली तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. ती यादीचं विचारायला आलीच नव्हती. साहेब खरं बोलतात का, ते बघायला आली होती. आणि कोंडाजी कागद चाळत म्हणाले होते, वरूनच नाही आलं.

त्यांनी एकोणीसचं रजिस्टर मागवलंच नाही. मनालीला फोन लावला आणि सांगितलं, लेख होणार नाही. ती “सर, काय झालं? तब्येत बरी आहे ना?” म्हणत राहिली. “तब्येत बरी आहे. मला लिहायचा अधिकार नाही,” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग खुर्चीत तसेच बसून राहिले. अकरा वर्षं ती समोर बसत होती. त्यातली इतकी वर्षं द्राक्षाच्या पेट्या आणि सत्काराच्या शाली तिने कशा घेतल्या असतील, हे त्यांच्या डोळ्यांसमोर यायला लागलं. आपण परतफेड करतोय असं आपल्याला वाटत होतं, आणि ती पाहत होती की हा माणूस ताकाला जाऊन भांडं लपवतोय. कोंडाजींना वाटलं, उठावं आणि सरळ घरी निघून जावं, आजच. पण गाडी साडेपाचला होती.

दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी सुवर्णाला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“बसा, सुवर्णाताई.”

ती बसली. हातात एक फाइल होती, ती तिने मांडीवर ठेवली.

“चौदा साली मी तुम्हाला खोटं सांगितलं,” कोंडाजी म्हणाले. घोकून ठेवलेली चार वाक्यं होती, ती सगळी विसरली. “तुमचं नाव आलं होतं. मीच सोडलं नाही. एकोणीसलाही मीच.”

“माहीत आहे, साहेब. जावक मीच केलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? पत्रात वाईट काही नव्हतंच. सगळी माझी स्तुतीच होती. मी त्याची झेरॉक्स काढली होती, दिवाळीला घरी नेली. आई विचारत होती, तू साहेब कधी होणार? मी म्हटलं, वाचून दाखवते. अर्धंच वाचलं. अत्यंत कार्यक्षम, अभ्यासू, विश्वासू. तिला वाचता येत नव्हतं. तिने ती घडी करून देवाजवळ ठेवली. वारली तोवर तिथेच होती. येईल-जाईल त्याला सांगायची, माझ्या पोरीचं सायबानं किती चांगलं लिहिलंय.”

कोंडाजींना तिच्याकडे पाहवेना. ते टेबलावरच्या काचेखालच्या सुट्ट्यांच्या यादीकडे पाहत राहिले.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “तुम्ही गेला असता तर माझं अज्ञान बाहेर पडलं असतं, म्हणून मी अडवलं. आणि तुमच्यामागे कोणी चुलता-मामा नव्हता, म्हणून अडवता आलं. रविराजला अडवायची माझी छाती नव्हती.” एवढं बोलून त्यांना जरा हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली. त्यांनी लिहिलेली शिफारस पुढे सरकवली. “हे बघा. आज जाईल. जुना शेरासुद्धा मागे घेतलाय. चार दिवस आहेत अजून.”

सुवर्णाने कागद उचलला आणि तिच्या सवयीप्रमाणे पूर्ण वाचला. मग परत टेबलावर ठेवला.

“साहेब, शिफारस जाते त्या तारखेला वय धरतात. मला सव्वीस सप्टेंबरला पंचेचाळीस पूर्ण झाली.”

कोंडाजींना क्षणभर कळलंच नाही. तिचं मूळ सेवापुस्तक त्यांच्याच कपाटात, त्यांच्याच किल्लीखाली होतं. जन्मतारीख पहिल्याच पानावर असते.

“पण पत्र तर ऑगस्टमध्ये...”

“हो. आवक आता तृप्तीकडे आहे ना, तिने त्याच दिवशी दाखवलं मला. मी वाट पाहिली. म्हटलं, साहेबांचे थोडेच महिने राहिलेत, या खेपेला सोडतील.” तिचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. “सव्वीस तारखेला संध्याकाळपर्यंत बसले होते मी. तुम्ही साडेपाचच्या गाडीने गेलात.”

बैल गेला अन् झोपा केला. आणि हा बैल तर त्यांनी दोनदा स्वतः सोडला होता, तिसऱ्यांदा नुसता खणात विसरला होता. कोंडाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही, आणि तिनेही पाहिलं न पाहिल्यासारखं केलं नाही. ती सरळ त्यांच्याकडे पाहत होती. कीव नव्हती, रागही फारसा नव्हता. ज्याच्याकडून आता काही मिळायचं नाही अशा माणसाकडे पाहावं तशी ती पाहत होती.

“मी काय करू सांगा,” ते म्हणाले. “वर जाऊन बोलतो. खास बाब म्हणून...”

“माझं राहू द्या.” तिने मांडीवरची फाइल टेबलावर उघडली. “पत्रात शेवटी लिहिलंय, नमूद कर्मचारी अपात्र असल्यास दुसरं नाव सुचवता येईल. तृप्ती पगारे. एकतीस वर्षांची आहे, कायम आहे, हुशार आहे. टिपणी मी तयार केली आहे. सही हवी.”

आता इथे कोंडाजींनी जे केलं ते सांगायला मलाही जड जातंय, पण सांगायला हवं. एवढं सगळं झाल्यावर, गालावर ओघळ तसाच असताना, त्यांच्या तोंडून निघालं, “पण निवडणुकीच्या तोंडावर तृप्ती तीन महिने गेली तर आवक-जावक कोण बघणार?”

बाहेर केरू कोणाला तरी, हरकतीचा अर्ज दोन प्रतींत लागतो, असं ओरडून सांगत होता. आपण काय बोललो हे कोंडाजींना कळलं आणि त्यांचे कान तापले. त्यांनी घाईघाईने फाइल स्वतःकडे ओढली. “तसं नाही म्हणायचं मला. ठेवा. ठेवून जा. वाचतो आणि करतो सही.”

सुवर्णा खुर्चीतून उठली, पण गेली नाही.

“नाही साहेब. तुमची गाडी साडेपाचची आहे. मी उभी राहते.”

कोंडाजींनी चष्मा लावला. टिपणी पाऊण पानाची होती. विषय, संदर्भ, तृप्तीची पात्रता, सगळं जिथल्या तिथे. आणि खाली शेवटी एक ओळ होती: ‘सदर तीन महिन्यांच्या कालावधीत श्रीमती पगारे यांच्या टेबलाचे काम निम्नस्वाक्षरीकार स्वतःच्या कामाव्यतिरिक्त पाहील.’ खाली सही, सुवर्णा भोये, लिपिक.

एवढीच ओळ होती. एवढंच लिहायचं होतं. चौदा साली अधीक्षक कोंडाजी बोरस्ते यांनी ही एक ओळ लिहिली असती, तीन महिने हिचं टेबल मी बघतो, तर पुढचं काही झालं नसतं. ती लिहिता येते, हेच त्यांना सुचलं नव्हतं. चौतीस वर्षांत ती ओळ त्यांनी कोणासाठीच लिहिली नव्हती.

त्यांनी पेन उघडला. सही केली, खाली तारीख टाकली. सुवर्णाने फाइल उचलली, सही नीट झाली आहे ना ते पाहिलं, आणि ती केरूला हाक न मारता स्वतःच जावक टेबलाकडे घेऊन गेली.